शिट्टी येते का?

लहानपणी कोणाच्या घरात टीव्ही चालू आहे, हे मला बोळातूनच कळायचं. आवाज पूर्ण बारीक केलेला असला तरी कळायचं. दार लोटलेलं, खिडकीवर पडदा, आत चिडीचूप. तरी कानाच्या अगदी आतल्या टोकाला एक बारीक, ताठ शिट्टी लागायची. तिला चढउतार नसायचा, दम लागणं नसायचं. मान जराशी वळवली की ती नाहीशी व्हायची, पुन्हा वळवली की होती तिथेच असायची. मी आईला सांगायचो, "त्यांच्याकडे टीव्ही लावलाय." आई क्षणभर थांबून कान द्यायची आणि म्हणायची, "मला तर काही ऐकू येत नाही रे." मग आम्ही पुढे चालू लागायचो आणि शिट्टी हळूहळू मागे राहायची.

पुण्यात पेठेतल्या आमच्या वाड्यात तेव्हा तीन टीव्ही होते, तिन्ही काळेपांढरे. कौलांवर अ‍ॅल्युमिनियमच्या अँटेना होत्या आणि त्या सगळ्या सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असायच्या, कारण मुंबई केंद्राचं चित्र आमच्याकडे गडावरच्या मनोऱ्यावरून यायचं. वाऱ्याने नाहीतर कावळा बसून अँटेना फिरली की खाली पडद्यावर मुंग्या यायच्या. मग एक जण कौलांवर चढायचा, एक जण जिन्यात उभा राहायचा आणि एक जण टीव्हीपुढे. "आलं?" "नाही." "आता?" "आलं, आलं... गेलं. जरा मागे घ्या." रोज संध्याकाळी सिंहगड आमच्या घरात असा हाकारून आणावा लागायचा.

टीव्हीच बिघडला तर मात्र टीव्हीवाले काका यायचे. वाड्यात त्यांना याच नावाने सगळे ओळखत. लूनावरून यायचे. खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, राळेची डबी, लाकडी फळीवर बसवलेला २०० वॅटचा बल्ब, आणि एक दाढीचा आरसा. आरसा कशाला, हे मला पहिल्यांदा कोडंच पडलं होतं. टीव्हीचं काम पाठीमागून करायचं असतं आणि चित्र पुढे दिसतं. म्हणून काका मागे बसायचे आणि पुढे आरसा धरायला कोणीतरी लागायचं. ते काम माझ्याकडे आलं. मी पडद्यासमोर उकिडवा बसून दोन्ही हातांनी आरसा धरायचो. काका मागून डोकं बाहेर काढून आरशात बघत, पुन्हा आत जात. माझ्या हातातल्या आरशात बातम्या देणारी बाई उलट्या बाजूला भांग पाडलेली दिसायची.

काम संपत आलं की काका बटण दाबायचे. नळी तापून चित्र यायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात ते माझ्याकडे बघून विचारायचे, "बाळा, शिट्टी येते का?"

मी कान द्यायचो. "येते, काका."

"मग चित्रही येईल," असं म्हणून ते निवांत मांडी घालून बसायचे. आणि चित्र यायचंच.

मला वाटायचं, काका माझी परीक्षा घेतात. हा मुलगा हुशार आहे की नाही, एवढंच त्यांना बघायचं असणार. म्हणून मी 'येते' हे थोड्या अभिमानानेच सांगायचो.

ती शिट्टी म्हणजे नेमकं काय, हे समजायला मला पुढची दहा-बारा वर्षं लागली. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं. सेकंदाला अशी २५ चित्रं. गुणाकार केला की १५,६२५ येतात. पिक्चर ट्यूबच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला १५,६२५ वेळा पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो आणि झटक्यात परत येतो. या धावपळीबरोबर चालणारा जो ट्रान्सफॉर्मर, ज्याला दुरुस्तीवाले एलओटी म्हणतात, त्याचा फेराइटचा गाभा तेवढ्याच वेळा अगदी सूक्ष्म थरथरतो. माणसाचा कान कोवळ्या वयात वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणजे ही थरथर त्या हद्दीच्या जेमतेम अलीकडे. शिट्टीचं एकेक कंपन म्हणजे चित्राची एकेक ओळ. बोळातून जाताना मी जे ऐकत होतो, त्या लोकांच्या घरातल्या चित्राच्या ओळी होत्या.

हाच ट्रान्सफॉर्मर पडद्यासाठी लागणारा वीसपंचवीस हजार व्होल्टचा दाबही तयार करतो. तो चालला की नळी जागी होते. काका शिट्टी विचारायचे ते म्हणूनच. वैद्याने मनगटावर बोटं ठेवावीत तसं ते होतं. फक्त नाडी बघायला ते माझे कान वापरत होते.

१९८२ साली रंग आला. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण दूरदर्शनने रंगीत दाखवलं आणि १९ नोव्हेंबरला दिल्लीत एशियाड सुरू झालं. आमच्या वाड्याच्या मागच्या चौकातल्या बिऱ्हाडाचा थोरला मुलगा मस्कतला नोकरीला होता. त्याने सुट्टीवर येताना १४ इंची सोनी ट्रिनिट्रॉन आणला होता. उद्घाटनाच्या दिवशी अख्खा वाडा त्या एका खोलीत. पुढे पोरं, मागे बाया, दारात आणि खिडकीच्या गजांना धरून पुरुषमंडळी. त्याआधी काही घरांत काळ्यापांढऱ्या टीव्हीपुढे लावायची रंगीत प्लास्टिकची काच असायची, वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी. तिच्यामुळे बातम्या देणाऱ्याचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसायची, आणि आम्हाला तोच रंगीत टीव्ही वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मैदान हिरवं आणि त्यावरची माणसं माणसांच्या रंगाची दिसली. खोलीत कोणी बोलेना. मग एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, आपल्यासारखीच आहेत की ही माणसं!" एवढी वर्षं त्या ज्यांना रोज बघत होत्या, ती माणसं त्यांच्या लेखी त्या दिवशी माणसांत आली.

पुढे कधीतरी त्या बिऱ्हाडाने रंग नीट लावून देण्यासाठी काकांना बोलावलं. मी आरसा घेऊन हजर होतोच. काकांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर रंगाचं बटण पूर्ण खाली आणलं. पडद्यावरचा रंग गेला. घरातली मंडळी चपापली. एवढ्या लांबून आणलेला रंगीत टीव्ही आमच्यासारखाच काळापांढरा झाला. काका म्हणाले, "घाबरू नका. आधी काळंपांढरं नीट लागू दे. पांढरं पांढरं दिसत नाही, तोवर रंगाला हात लावायचा नसतो." आणि मग ते नळीच्या मानेवरच्या छोट्या बोर्डातले स्क्रू केसभर फिरवत राहिले. लाल थोडा कमी, हिरवा थोडा जास्त. आरशात मला दिसत होतं: पांढरा आधी गुलाबी होता, मग नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा झाला, मग हळूहळू निवला आणि चुन्यासारखा स्वच्छ पांढरा झाला. काळा काळा झाला. मधले सगळे करडे कसलाही डाग न पडता करडे राहिले. मग काकांनी रंगाचं बटण थोडंसं वर केलं. अर्ध्यापर्यंतसुद्धा नाही. "एवढा पुरे," म्हणाले.

दिवाळीत माझी मोठी बहीण अंगणात रांगोळी काढायची. आधी गेरूचा चौकोन, त्यावर ठिपके, मग पांढरी रेघ, आणि रेघ पुरी झाल्यावर रंग. रंग भरायला आम्हा लहानांना परवानगी असायची. रेघ ओढायला नसायची. आमच्या हातून रंग रेघेबाहेर सांडायचा, तरी दुरून बघितलं की रांगोळी चांगलीच दिसायची. रेघ चुकली असती तर चांगली दिसली नसती. टीव्हीतला रंग असाच भरलेला असतो, हे मला पुस्तकात वाचून समजलं तेव्हा मला ते अंगण आठवलं. चित्राचा सगळा बारकावा उजेड-सावलीच्या संदेशात असतो. रंगाचा संदेश त्यावर सैल हाताने पसरलेला असतो. आपला डोळाच तसा आहे. त्याला रेघ बारीक दिसते आणि रंग ढोबळ. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी डोळ्याचा हा स्वभाव ओळखला होता.

त्यात आणखी एक गोष्ट होती, जिचा विचार केला की मला अजूनही बरं वाटतं. उजेडाचा तो संदेश तीन रंगांतूनच बनवलेला असतो: हिरव्याचे ५९ भाग, लालाचे ३० आणि निळ्याचे फक्त ११, कारण डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत मंद. हा संदेश काळ्यापांढऱ्या टीव्हीला जसाच्या तसा चालायचा. त्यामुळे ज्या लाटेवरून मागच्या चौकात रंगीत एशियाड दिसत होतं, त्याच लाटेवरून आमच्या घरातल्या जुन्या टीव्हीवर तेच एशियाड काळंपांढरं दिसत होतं. कार्यक्रमाच्या आधी दूरदर्शनवर उभे रंगपट्टे लागायचे: पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळा, लाल, निळा, काळा. आमच्याकडे त्याच जागी उजेडाकडून अंधाराकडे उतरणारा करड्याचा जिना दिसायचा. तो क्रम तसाच ठरवलेला होता. रंग घरात आला तेव्हा ज्यांच्याकडे रंग नव्हता त्यांचं ताट कोणी काढून घेतलं नाही. नव्याने जुन्याला सांभाळून घ्यावं, हे यंत्राच्या रचनेतच लिहून ठेवलेलं होतं.

आपण घेतलेली पद्धत पाल नावाची. टेलिफुंकेन या जर्मन कंपनीतल्या वाल्टर ब्रूख यांनी ती १९६३ च्या सुरुवातीला हॅनोव्हरमध्ये तज्ज्ञांना दाखवली. अडचण अशी होती, की हवेतून येताना रंगाचा संदेश जरा हलायचा आणि माणसाचा चेहरा कधी हिरवट तर कधी जांभळट व्हायचा. ब्रूख यांनी रंगाच्या संदेशाचा एक भाग एका ओळीत सुलटा आणि पुढच्या ओळीत उलटा पाठवायचं ठरवलं. वाटेत जी चूक होईल ती एका ओळीत एका बाजूला जाईल, पुढच्या ओळीत विरुद्ध बाजूला. दोन ओळी एकत्र केल्या की चूक चुकीला खाऊन टाकते. पण एकत्र करायला दोन्ही ओळी एकाच वेळी हाताशी हव्यात. पहिली तर येऊन गेलेली असते. तिला ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे बरोबर एका ओळीचा वेळ, कुठेतरी थांबवून ठेवायला हवं.

जुन्या रंगीत टीव्हीचं मागचं झाकण उघडलं, तर बोर्डावर काड्यापेटीएवढी एक चपटी डबी दिसते. ती थांबण्याची जागा. आत काचेची एक पट्टी असते. रंगाचा विजेचा संदेश काचेच्या एका कडेशी आवाजात बदलतो, कोणालाच ऐकू येणार नाही अशा फार वरच्या आवाजात. तो आवाज काचेतून धावतो, कडांवर आपटून वळतो, पुन्हा धावतो, आणि ६४ मायक्रोसेकंदांनी दुसऱ्या टोकाला पोहोचून पुन्हा वीज होतो. तोवर पुढची ओळ दारात आलेली असते. एशियाडच्या मैदानाचं ते हिरवं, आजींना आपल्यासारखा वाटलेला तो चेहऱ्यांचा रंग, पडद्यावर येण्याआधी एका काचेत क्षणाच्या अंशापुरता आवाज होऊन आपल्या धाकट्या भावंडासाठी थांबला होता. पुढच्या काळात हे काम एका चिपने घेतलं आणि ती डबी गेली. माझ्या एका टीव्हीत ती आहे. झाकण उघडलं की मी तिच्याकडे आधी बघतो.

मी व्यवसायाने दुरुस्तीवाला नाही. नोकरी वेगळीच केली. पण पंधराएक वर्षांपूर्वी, घराघरांतून हे टीव्ही बाहेर पडू लागले तेव्हा, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात एक २० इंची लाकडी कॅबिनेटचा टीव्ही रस्त्यावर पाठ टेकून पडलेला दिसला. पुढे सरकती लाकडी दारं, त्यांना कुलूप. विकणारा लाकडाचेच पैसे सांगत होता. मी तो रिक्षात घालून घरी आणला, आणि तिथून हे सुरू झालं. आता माझ्या मागच्या खोलीत पाच आहेत.

त्यांतला हा लाकडी टीव्ही माझा सर्वांत आवडता. त्याला रिमोट नाही. आठ बटणं आहेत, आणि त्यांच्याशेजारी एक छोटा खण. तो ओढला की प्रत्येक बटणाचं स्टेशन लावायची बारीक चाकं दिसतात. बोर्ड ऐसपैस आहे, बिजागरीवर दारासारखा उघडतो. प्रत्येक भागाशेजारी त्याचा नंबर छापलेला. कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या पाकिटात घडी घातलेला सर्किटचा कागद. ज्याने तो बनवला त्याने गृहीत धरलं होतं, की हा कधीतरी बिघडेल, कोणीतरी त्याचं झाकण उघडेल, आणि त्या माणसाला वाट सापडायला हवी. त्या अनोळखी माणसासाठी ठेवलेला तो कागद उलगडताना मला कोणीतरी आपल्याला ओळखत होतं असं वाटतं.

दुसरा आवडता म्हणजे १४ इंची ट्रिनिट्रॉन, वाड्यातल्यासारखाच, आखातातून कोणीतरी आणलेला. सोनीने ही नळी १९६८ साली आणली. इतर नळ्यांत पडद्यामागे भोकांचा पत्रा असतो. हिच्यात वरपासून खालपर्यंत ताणलेल्या बारीक उभ्या पट्ट्या असतात, सतारीच्या तारांसारख्या. त्या थरथरू नयेत म्हणून त्यांवर एक केसाएवढी तार आडवी बसवलेली असते. पांढऱ्या चित्रात तिची फिकट सावली दिसते. पुष्कळांना तो दोष वाटतो. मला माहीत आहे, ती तार आहे म्हणून बाकीचं चित्र स्थिर आहे.

आणि बाकीचे तीन नव्वदच्या दशकातले, काळ्या प्लास्टिकचे. त्याआधीपासूनच टीव्हीच्या नावांनी माणसांची घरं ओळखली जायची: हैदराबादचा ईसी, केरळचा केलट्रॉन, उत्तर प्रदेशातला अपट्रॉन, मद्रासचे सॉलिडेअर आणि डायनोरा, मग शिंगं असलेल्या राक्षसाच्या जाहिरातीचा ओनिडा, बीपीएल, आणि आपल्या औरंगाबादचा व्हिडिओकॉन. प्रत्येक राज्याला वाटायचं, टीव्ही आपल्याकडे व्हावा. रंग आपल्याकडे उशिरा आला याचा एक फायदा मात्र झाला. अमेरिकेत १९५४ च्या पहिल्या रंगीत संचांत तीन झोत एका ठिपक्यावर आणायला मेकॅनिकला अनेक स्क्रू फिरवत तासन्‌तास बसावं लागे. सत्तरच्या दशकात तिन्ही झोत एका रांगेत बसवलेल्या नळ्या आल्या आणि ते काम नळीतच होऊ लागलं. आपले काका त्यानंतर आरसा घेऊन बसले.

दुरुस्तीची सुरुवात नेहमी वाट पाहण्यापासून होते. नळी म्हणजे वीज साठवणारं काचेचं मोठं भांडं. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज राहते. रबरी टोपीखाली अर्थ केलेला स्क्रूड्रायव्हर सरकवायचा, 'चट्' असा आवाज येतो, आणि मग हात घालायचा. त्या वेळी दुसरा हात पाठीमागे. वीज एका हातातून शिरून छातीवरून दुसऱ्या हातात जाऊ नये म्हणून. काका तो हात कमरेवर उलटा ठेवायचे. मीही तसाच ठेवतो. मग धूळ. चाळीस वर्षांची धूळ मऊ ब्रशाने झाडताना तिच्यातून त्या घराच्या गोष्टी निघतात: पालीची वाळकी अंडी, एक चार आण्याचं नाणं, उदबत्तीची राख, पोराची हरवलेली काचेची गोटी. लाकडी टीव्हीच्या माथ्यावर पॉलिशखाली हळदीकुंकवाची पाच बोटं होती. दसऱ्याला त्याची पूजा झाली असणार. मी तिथे पॉलिश केलं नाही.

बिघाड बहुतेक वेळा छोटाच असतो. पडद्याच्या मध्यभागी एकच आडवी लखलखीत रेघ राहिली, तर झोत खाली-वर जायचा थांबला. व्हर्टिकलचा आयसी किंवा त्याच्याजवळचा एखादा फुगलेला कपॅसिटर. कधी जड भागांच्या पायांशी दिलेला डाग इतक्या वर्षांच्या तापण्या-निवण्याने सुटलेला असतो. भिंगातून बघितलं की पायाभोवती केसासारखं काळं वर्तुळ दिसतं. ड्राय सोल्डर. राळ लावून पुन्हा डाग द्यायचा. काही रुपयांचा कपॅसिटर पुण्यातल्या तापकीर गल्लीत अजून मिळतो. दुकानदार नंबर ऐकतो, क्षणभर माझ्याकडे बघतो आणि न बोलता वरच्या खणातून डबी काढतो. मग सिरीजच्या बल्बवर टीव्ही लावायचा. बल्ब भक्कन पेटून मंद झाला, की आत शॉर्ट नाही.

कधी टीव्ही एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हलवला, तर कोपऱ्यात जांभळा पॅच येतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाने आतला पत्रा थोडासा चुंबक झालेला असतो. दर वेळी टीव्ही लावताना 'घुंऽऽ' असा जो आवाज येतो, तो हे चुंबकत्व पुसण्याचाच. तेवढ्याने नाही गेलं, तर तारेचं मोठं कडं विजेवर लावून पडद्यासमोर गोल गोल फिरवायचं, फिरवत फिरवत मागे यायचं आणि लांब जाऊन बंद करायचं. काका म्हणायचे, "याला दृष्ट लागली आहे, काढतो." पडद्यावर रंग वेडेवाकडे वळवळायचे आणि मग शांत व्हायचे. मीही दृष्टच काढतो. दुसरा शब्द मला सुचत नाही.

एक गोष्ट मात्र दुरुस्त होत नाही. नळीच्या मानेतल्या तीन ठिकाणांहून इलेक्ट्रॉन निघतात, आणि ती ठिकाणं वापराने झिजतात. चित्र उशिरा येऊ लागतं, उजेड चंदेरी, थंड होतो, एखादा रंग मागे पडतो. ट्यूब वीक झाली, असं म्हणतात. तिला थोडी जास्त ऊब देऊन काही दिवस पुढे ढकलता येतात. पण नवी नळी आता कुठेच बनत नाही. जगातल्या प्रत्येक जुन्या टीव्हीला ठरावीक तास शिल्लक आहेत. म्हणून मी रोज लावत नाही. आणि लावण्यासारखं हवेतूनही आता काही येत नाही. मुंबईत केबल २०१२ च्या अखेरीस डिजिटल झाली, मग पुण्यात. दूरदर्शननेही जमिनीवरचे जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. कोणतीही अँटेना आता सिंहगडाकडे बघत नाही. मी एक छोटी पेटी जोडून जुन्या रंगपट्ट्यांचं चित्र पाठवतो आणि बघत बसतो.

मागच्या पावसाळ्यात लाकडी टीव्ही अचानक बंद पडला. ओलाव्याने एलओटीजवळचा भाग गेला होता. तीन रविवार त्यात गेले. शेवटच्या रविवारी डाग दिला, सिरीज लावली, बटण दाबलं. बल्ब पेटून मंद झाला. चुंबकत्व पुसण्याचा 'घुंऽऽ' आला. आणि मग काहीच नाही. मी मागे बसून कान दिला. बाहेर पाऊस होता, आत पंखा होता. मी पंखा बंद केला. तरी काही नाही. एलओटी चालला नाही असं वाटून मी प्लग काढणार होतो, तेवढ्यात समोरच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी, जी पावसामुळे खेळायला न जाता दारात उभी राहून बघत होती, कानांवर हात ठेवून म्हणाली, "काका, हे काय वाजतंय?"

"कसं वाजतंय?"

"ईऽऽ असं. कानात टोचतंय. तुम्हाला येत नाही?"

मी काही क्षण बोललो नाही. काका तेव्हा पन्नाशीचे होते, आज मी आहे तेवढे. कानाची वरची पट्टी आधी जाते. काकांनी माझी परीक्षा कधीच घेतली नव्हती. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून ते विचारत होते. आणि मी दर वेळी 'येते' म्हणालो की ते निवांत बसत, ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून.

"मला येत नाही गं," मी म्हणालो. "अजून येतोय का आवाज?"

"येतोय."

"मग चित्रही येईल."

ती आत आली. दीडेक मिनिटाने पडदा उजळला आणि रंगपट्टे दिसू लागले, थोडे गुलाबी, थोडे तिरके. मी कपाटातून दाढीचा आरसा काढून तिच्या हातात दिला, पडद्यासमोर कसा धरायचा ते दाखवलं, आणि मागे जाऊन बसण्याआधी रंगाचं बटण पूर्ण खाली आणलं.